जगप्रदक्षिणा आणि घरची माणसं

आपल्याकडे पूर्वी कोणी काशीला निघाले, की गाव त्याला वेशीपर्यंत पोचवायला जाई. म्हातारी माणसे डोळे पुशीत, कारण गेलेला माणूस पुन्हा दिसेलच याचा भरवसा नसे. तो सुखरूप परत आला, की मावंदे घालायचे, गंगेचे तीर्थ घरोघर द्यायचे, आणि मग रात्र रात्र जागून वाटेवरच्या हकिकती ऐकायच्या. वेशीवरचा निरोप आणि मावंद्याची पंगत या दोहोंच्या मध्ये मात्र घरच्यांच्या हाती काहीच नसे. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. दोन वर्षांहून अधिक काळ ते बाहेर होते. झाशीकडे काय पेटले आहे, याच्या उडत्या बातम्या कोकणात येत असतील. पण आपला विष्णू त्यात कुठे आहे, मुळात आहे की नाही, हे घरच्यांना कोण सांगणार? 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक आपण वाचतो ते भटजींच्या डोळ्यांनी. वरसईच्या ओसरीवरून तोच प्रवास कसा दिसला असेल, हे लिहायला कोणी बसले नाही.

आज मी तुमच्याशी त्या ओसरीवरच्या माणसांविषयी बोलणार आहे. प्रवासाला निघतात दोघे. पण त्यांच्यामागे आणखी दहा-वीस माणसे घरी बसून तोच प्रवास करीत असतात. ती नकाशा पाहतात, टपालाचा दिवस मोजतात, वादळाचे नाव ऐकले की जेवताना घास थांबवतात. अशा माणसांची गोष्ट सांगण्यासाठी मी एका इंग्रज जोडप्याची जगप्रदक्षिणा निवडली आहे. तुम्ही म्हणाल, "एवढ्या लांबचं कशाला सांगताय?" तर त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, या प्रवासात घरी पाठवलेला मजकूर पुढे छापला गेला, त्यामुळे आपल्याला तो वाचता येतो. आणि दुसरे, या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या सांगलीपर्यंत येऊन पोचतो. कसा, ते ओघात येईलच.

१८७६ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावरून 'सनबीम' नावाचे एक जहाज निघाले. सनबीम म्हणजे सूर्यकिरण. जहाज तीन डोलकाठ्यांचे, शिडाचे. पण वारा पडला तर अडून राहू नये म्हणून त्यात वाफेचे एंजिनही बसवलेले होते. मालकाचे नाव टॉमस ब्रासी. हे पार्लमेंटचे सभासद होते. त्यांचे वडील रेल्वे बांधणारे जगातले एक फार मोठे ठेकेदार. तेव्हा घरात पैशाला तोटा नव्हता. पण या श्रीमंताच्या मुलाला हौस लागली ती समुद्राची, आणि ती नुसती गादीवर लोळून लाटा पाहण्याची नव्हे. जहाजाच्या कप्तानाला जी परीक्षा द्यावी लागते ती रीतसर देऊन त्यांनी प्रमाणपत्र मिळवले होते. त्यांच्या पत्नीचे नाव ॲनी. तिला समुद्र लागत असे. जहाज हलू लागले की पोटात ढवळून येई, आणि तरीही या प्रवासाचा खरा उत्साह तिचाच. तिच्या चिकाटीवाचून हा प्रवास ना सुरू झाला असता, ना शेवटाला गेला असता, असे तिच्या नवऱ्यानेच पुढे लिहून ठेवले आहे.

जहाजावर सगळी मिळून ४३ माणसे होती. नवरा-बायको, त्यांची चार मुले, दोन-चार स्नेहीसोबती, आणि बाकी सारे खलाशी, आचारी, नोकरचाकर. मुलांत सगळ्यांत धाकटी मरी. ती निघताना जेमतेम सव्वा वर्षाची होती. सव्वा वर्षाचे पोर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघायचे, हे ऐकून घरच्या वडीलधाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

जहाज मदिरा बेटावरून दक्षिण अमेरिकेकडे गेले. ब्राझील झाले, मग त्या खंडाच्या अगदी टोकाची मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून चिली देश. तिथून पॅसिफिक महासागरात ताहिती आणि हवाई बेटे, पुढे जपान, चीनचा किनारा, सिंगापूर, सिंहलद्वीप, एडन, सुवेझचा कालवा, आणि १८७७ च्या मे महिन्यात पुन्हा इंग्लंड. अकरा महिने, आणि पस्तीस हजार सागरी मैलांहून अधिक मजल.

आता आपण जहाजावरून उतरून घरी येऊ. ॲनीची आई तिच्या लहानपणीच वारली होती. त्यामुळे वडील हेच तिचे माहेर. या वडिलांना आणि घरच्या माणसांना ती जहाजावरून नेमाने लिहीत असे. दिवसाची हकीकत रोज टिपायची, आणि बंदर आले की तो जाडजूड कागदांचा गठ्ठा टपालात टाकायचा. ऐकायला सोपे वाटते. पण त्या काळी टपाल कसे चाले, ते जरा समजून घेतले पाहिजे.

तारायंत्र त्या वेळी आलेले होते. १८७० साली इंग्लंड आणि मुंबई समुद्रातल्या तारेने जोडली गेली. १८७४ साली ब्राझीलला तार पोचली. पण तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि लांबच्या देशाला तर एकेका शब्दाचे कित्येक शिलिंग. तेव्हा तार करायची ती "सुखरूप पोचलो" एवढ्यापुरती. सविस्तर काही सांगायचे तर आगबोटीने जाणारे पत्र. मुंबईचे पत्र लंडनला जायला तीन आठवड्यांच्या आसपास लागत. जपानचे पत्र दीड-दोन महिने घेई. घरच्यांना उलट पत्र लिहायचे, तर त्याहून मोठी पंचाईत. जहाज आज जिथे आहे तिथे पत्र पाठवून काय उपयोग? तीन महिन्यांनी ते कुठे असेल, ते नकाशावर धुंडाळून त्या बंदराच्या नावाने पत्र आधीच रवाना करायचे. मग वारा पडला, जहाज उशिरा आले, किंवा बेतच बदलला, तर पत्र बिचारे बंदरावर पडून राही.

समजा, घरून कोणी विचारले, "धाकटीला दात आले का?" हा प्रश्न समुद्र ओलांडून पोचेपर्यंत दात आलेले असायचे, त्याचे उत्तर घरी पोचेपर्यंत ती पोर भाकरी चावून खात असायची. म्हणजे घरच्या माणसाला मुलगी दिसे ती नेहमी दोन महिने मागची. आकाशातल्या चांदणीचा उजेड आपल्यापर्यंत येतो तो फार पूर्वी निघालेला असतो, असे शाळेत शिकवतात ना? तसेच हे. पत्रातली मुलगी हसत असते. पण ती हसली त्याला पुष्कळ दिवस झालेले असतात, आणि मधल्या दिवसांत काय घडले, हे पत्राला माहीत नसते.

सगळ्यांत अवघड काळ पॅसिफिकचा. ऑक्टोबरच्या अखेरीस सनबीमने चिलीचा किनारा सोडला आणि जानेवारीच्या अखेरीस ती जपानला लागली. मध्ये तीन महिने. हा महासागर ओलांडणारी तेव्हा एकही तार नव्हती. पॅसिफिक ओलांडणारी पहिली तार पुरी झाली १९०२ साली. आजच्यासारखा बिनतारी संदेश तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. वर्तमानपत्रात जहाजांच्या बातम्यांचे एक सदर येई. अमुक जहाज अमक्या बंदरात आले, तमुक जहाज अमक्या ठिकाणी दुसऱ्या जहाजाला दिसले, अशा एकेक ओळीच्या बातम्या. ज्यांचे माणूस समुद्रावर आहे ती घरे हे सदर आधी वाचत. आणि त्यात आपल्या जहाजाचे नाव नसले, की एकच अर्थ घ्यायचा: काही कळले नाही. बरे-वाईट दोन्ही नाही. श्रोतेहो, वाईट बातमीला माणूस तोंड देतो. पण बातमीच नसली, की मन तिन्हीत्रिकाळ आपल्याआपणच वाईट बातम्या तयार करीत बसते.

ॲनी काय लिहीत असे? भीतीची गोष्ट ती दडवीत नसे. प्रवासाच्या पहिल्याच पंधरवड्यात एक प्रचंड लाट डेकवर चढली. थोरली मुलगी मेबेल तेव्हा तिथेच बसलेली होती. जवळच्या कप्तान लेकींनी सुदैवाने एक दोर आधीच स्वतःच्या मनगटाला गुंडाळलेला होता, आणि त्यांनी मुलीला घट्ट कवटाळले. लाट ओसरली तेव्हा दोघे जागेवर होती. ही गोष्ट घरी कळवावी की नाही? आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला?" पण ॲनीने लिहिले. मला वाटते, तिचे बरोबर होते. एकदा का घरच्यांना संशय आला, की ही पोर फक्त गोड गोड तेवढेच कळवते, तर मग तिच्या गोड बातमीवरचाही विश्वास उडतो. संकट सांगणारे पत्र काळजी देते खरे. पण पुढच्या पत्रात "सर्व कुशल" वाचले, की माणूस निश्चिंत झोपतो, तो त्या आधीच्या पत्रामुळे.

दुसरा प्रसंग २८ सप्टेंबर १८७६ चा. पॅटागोनियाच्या किनाऱ्यापुढे समुद्रात त्यांना एक जहाज दिसले. त्याचे नाव 'मंक्सहेवन'. ते कोळसा घेऊन चिलीकडे चालले होते, आणि त्याच्या पोटातल्या कोळशाने आतल्या आत पेट घेतला होता. वरून ज्वाळा नाही, पण आत निखारा. सनबीमने त्या जहाजावरचे सगळे १५ खलाशी उतरवून घेतले. ४३ माणसांच्या बेताने भरलेल्या जहाजात आणखी १५ तोंडे! जागा, पाणी, शिधा, सगळ्याची नव्याने वाटणी करावी लागली. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत इंग्लंडकडे जाणारी टपालाची आगबोट भेटली, तेव्हा त्या १५ जणांना तिच्यावर चढवून दिले. विचार करा, त्या आगबोटीने इंग्लंडला काय नेले. इतर टपालाबरोबर तिने १५ जिवंत माणसे नेली. त्या १५ घरांत कोणी नकाशा पाहत होते की नाही, कोण जाणे; पण ज्यांचे जहाज जळून बुडाले, ती माणसे दारात येऊन उभी राहिली.

असे मोठे प्रसंग थोडे. बाकीचा मजकूर साधा असे. आज काय खाल्ले, बाजारात कोणती फळे होती, तिथल्या बायका काय नेसतात, पोरे कशी उकाड्याने हैराण झाली, कोणाला ताप आला. नवरा जहाजाची रोजनिशी ठेवी. तीत अक्षांश, रेखांश, वारा कोणीकडचा, शिडावर किती मैल आणि वाफेवर किती. घरच्यांना दोन्ही हवे होते. नवऱ्याच्या आकड्यांवरून नकाशावर बोट ठेवता येई, आणि बोट ठेवले त्या जागी आपली माणसे काय करताहेत, ते बायकोच्या पत्रावरून कळे.

इथे एक गोष्ट विसरू नये. जहाजावर माणसे ४३ होती, आणि आपल्याला ठाऊक आहे ते एका कुटुंबाचे. एंजिनात कोळसा लोटणारा, शिडावर चढणारा, मुलांना सांभाळणारी दाई, यांचीही घरे इंग्लंडात होती. तिथेही कोणी आई वाट पाहत असेल. पण त्या घरी कागदांचे गठ्ठे येत नसत. लिहायला वेळ नाही, टपालाला पैसे नाहीत, आणि काही घरांत तर आलेले पत्र वाचणारेच कोणी नाही. हीच जगप्रदक्षिणा, हाच समुद्र, हीच लाट. पण ती त्या घरांत अकरा महिने मुकी राहिली असेल. आपल्या कोकणातून खलाशी म्हणून बोटीवर गेलेल्यांच्या घरी हेच होते. पोष्टमन मनिऑर्डर घेऊन येई, आणि सहीच्या जागी अंगठा उमटवून घरातली बाई त्याला विचारी, "खाली काही लिवलंय का?" मनिऑर्डरच्या कागदावर खाली संदेशाला जागा असे, बरं का. तेवढ्या दोन ओळींवर महिने काढलेली घरे आपण पाहिलेली आहेत.

सनबीम परत आल्यावर ॲनीच्या त्या लिखाणाचे पुस्तक झाले. १८७८ साली ते प्रसिद्ध झाले आणि इतके खपले, की त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, परभाषांत भाषांतरे झाली, शाळेतल्या मुलांसाठी निराळी सोपी आवृत्तीही निघाली. याआधीचे तिचे प्रवासलेखन खाजगी, स्नेहीमंडळींपुरते छापलेले होते. म्हणजे जे आधी बाप आणि आप्तमंडळी वाचत, ते आता ओळखदेख नसलेली हजारो माणसे वाचू लागली. विद्यार्थी मला विचारतात, "सर, चांगलं लिहायला काय करावं?" त्यांना मी या बाईचे उदाहरण देतो. तिने 'जगासाठी' लिहायला घेतले नव्हते. समोर एक विशिष्ट माणूस होता, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे तिला पक्के माहीत होते, आणि त्याला सगळे दिसावे अशी तिची इच्छा होती. बाप विचारील ते प्रश्न आधीच ओळखून ती उत्तरे देई. म्हणून ते लिखाण आजही वाचवते. त्या पुस्तकात घरी बसून विचारणाऱ्याचाही वाटा आहे.

आता सांगलीचा धागा. जहाजावरची ती सव्वा वर्षाची मरी आठवते ना? ती मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि नवऱ्याबरोबर ती आपल्या मुंबईला आली. तिचा नवरा म्हणजे लॉर्ड विलिंग्डन, १९१३ ते १९१८ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, आणि पुढे १९३१ ते १९३६ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्या कॉलेजात शिकलेले तुमच्यापैकी कित्येक असतील. ज्या लेडी विलिंग्डन गव्हर्नराच्या बंगल्यात मिरवल्या, त्यांचे पहिले पाऊल बहुधा डुलणाऱ्या डेकवर पडले असावे, आणि त्याची वार्ता ऐकायला दूर इंग्लंडात आजोबा बसलेले होते.

या जोडप्याच्या गोष्टीचा शेवट गोड नाही. पुढेही दोघांनी पुष्कळ प्रवास केले. १८८६ च्या अखेरीस ब्रासी कुटुंब पुन्हा निघाले. १८८७ च्या सुरुवातीला ते हिंदुस्थानात होते. पुढे ब्रह्मदेश, बोर्निओ, ऑस्ट्रेलिया असा प्रवास झाला. ऑस्ट्रेलिया सोडून परत फिरल्यावर भर समुद्रात ॲनीला हिवतापाने गाठले, आणि १४ सप्टेंबर १८८७ रोजी ती वारली. वय सत्तेचाळीस. देह समुद्रालाच द्यावा लागला. जहाज पुढच्या बंदराला लागेपर्यंत जगाला ही बातमी कळण्याचा मार्ग नव्हता. तिचे आधीचे पत्र अशा वेळी कुठल्या तरी घरी उघडले जात असेल, मोठ्याने वाचले जात असेल, कोणी हसत असेल. मघाशी चांदणीचे म्हटले, ते मी याचसाठी म्हटले.

तिच्या रोजनिशीचे पुस्तक तिच्या पश्चात १८८९ साली निघाले. त्याच्या आरंभी नवऱ्याने आपल्या मुलांसाठी त्यांच्या आईची आठवण लिहिली आहे. ज्या माणसाने आयुष्यभर वारा आणि मैल टिपले, त्याला शेवटी बायकोचे काम हाती घ्यावे लागले: जे गेले ते, मागे राहिलेल्यांना सांगायचे.

याच १८८७ सालच्या फेब्रुवारीत आपल्या पुण्यात दुसऱ्या एका जोडप्याचा प्रवास असाच मध्ये तुटला होता. डॉ. आनंदीबाई जोशी आणि गोपाळराव. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या त्या पश्चिमेच्या वाटेने अमेरिकेला गेल्या. गोपाळराव मागाहून निघाले ते पूर्वेच्या वाटेने, ब्रह्मदेश, चीन, जपान असे करीत. अमेरिकेत दोघे भेटले. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी दोघे बरोबर विलायतेवरून मुंबईला परत आले. म्हणजे पाहा, कल्याणच्या पोष्टात नोकरी केलेल्या या गृहस्थाची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली, आणि ती पत्नीच्या मागे! मुंबईत उतरल्या त्या आनंदीबाई आधीच क्षयाने खंगलेल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या.

या जोडप्याला घरून साथ होती, असे म्हणता येत नाही. परदेशगमन म्हणजे धर्म बुडाला, असे मानणारेच फार. मग त्यांचा प्रवास मनाने करणारे कोण होते? एक होत्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मिसेस कार्पेंटर. १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता त्यांनी एक मासिक चाळले. त्यात गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी लिहिलेले पत्र छापले होते. ना नात्याच्या, ना गोत्याच्या; पण या बाईंनी आनंदीबाईंना पत्र घातले. पुढे तीन वर्षे समुद्र ओलांडून पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि न्यूयॉर्कला बोट लागली तेव्हा उतरवून घ्यायला याच मावशी आल्या होत्या. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आज तिची खूण उभी आहे. पत्रातून जोडलेले नाते किती टिकते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि आनंदीबाईंची पत्रे राखली गेली, म्हणूनच काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिता आले.

आता आजचे पाहू. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून 'तारिणी' नावाची शिडाची नौका निघाली. तिच्यावर आपल्या नौदलाच्या दोनच अधिकारी स्त्रिया, दिलना के. आणि रूपा ए. पृथ्वीला वळसा घालून त्या २९ मे २०२५ ला गोव्यालाच परत आल्या. त्यांच्या आधी, २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' नौकेतून मुंबईहून निघून एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती. या नौका समुद्रात कुठे आहेत, हे उपग्रहामुळे किनाऱ्यावर कळत असे. पॅसिफिकचे ते मुके तीन महिने आता उरले नाहीत. हे फार मोठे सुख आहे, आणि जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे भाषण करीत नाही. कोणत्याही आईला विचारा, ती दोन महिन्यांच्या सुंदर पत्रापेक्षा आत्ताचा "हॅलो" पसंत करील.

पण एक गोष्ट माझ्या नजरेला येते, ती तुमच्यापुढे ठेवतो. माझ्या वर्गात कोणाचा बाप आखातात असतो, कोणाचा भाऊ बोटीवर, कोणाची बहीण-मेहुणे परदेशी. मी विचारतो, "वडील कुठे आहेत?" उत्तर लगेच येते, "दुबईला. काल रात्रीच फोन झाला." मी पुढे विचारतो, "खोलीत किती जणं राहतात? स्वयंपाक कोण करतं? कामावर जायला किती वेळ लागतो? शेजारी कोण्या देशाचा?" मुलगा गप्प. रोज बोलणे होते, तोंडही दिसते, "जेवलास का? पैसे पोचले का? ठीक आहे ना?" आणि संपले. माणूस कुठे आहे, हे आपल्याला घटकेघटकेला कळते. तो कसा राहतो, हे विचारायचे राहून जाते. दोन महिन्यांनी जाणाऱ्या पत्रात सगळे भरावे लागे. रोजच्या बोलण्यात ते "उद्या सांगू" म्हणून पुढे ढकलले जाते.

म्हणून शिक्षकमंडळींना माझे एक सुचवणे आहे. खर्च फारसा नाही. वर्गात जगाचा नकाशा असतोच. गावातली जी माणसे बाहेर आहेत, मग ती पुण्यात असोत की मस्कतला की मालवाहू बोटीवर, त्यांच्या ठिकाणी मुलांकडून टाचणी लावून घ्या आणि तिथून आपल्या गावापर्यंत एक दोरा ताणा. मग प्रत्येक मुलाला आपल्या माणसाला विचारण्यासाठी दहा प्रश्न लिहायला सांगा. "बरे आहात का" हा प्रश्न त्यात नको. "सकाळी उठल्यावर खिडकीतून पहिलं काय दिसतं?" असा प्रश्न हवा. उत्तर फोनवर येईना का. मुलाने ते वहीत उतरून घ्यावे, तारीख घालावी आणि वर्गात वाचून दाखवावे. भूगोल त्यात आपोआप येतो, भाषा येते, आणि मुलाला त्याचा बाप कळतो, हे सर्वांत महत्त्वाचे. ज्याला लिहिता येत नाही अशा एखाद्या आजीच्या वतीने मुलांनी लिहावे. सनबीमवरच्या कोळसा लोटणाऱ्याच्या घरी जे गेले नाही, ते आपल्या गावात प्रत्येक घरी जाऊ शकेल.

आणि घरच्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमचा मुलगा-सून, लेक-जावई लांब गेले असतील, तर त्यांचा प्रवास तुमच्या प्रश्नांवर जगतो. विचारा. कंटाळा येईपर्यंत विचारा. आणि त्यांनी एखादी लाट अंगावर आल्याचे सांगितले, तर "आम्हाला घाबरवू नकोस" म्हणून त्यांचे तोंड बंद करू नका. जुन्या पेटीत पत्रे असतील, तर ती वाळवीला देऊ नका. नातवंडांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. गेलेला माणूस परत आला, की मावंद्याची पंगत आता कोणी घालत नाही. पण त्या रात्री दिवा मोठा करून त्याच्याभोवती बसायला आणि "हं, मग पुढे?" म्हणायला काही खर्च येत नाही.